आफ्रिकेतील एचआयव्ही संशोधकांचे प्रशिक्षण आणि आपण

यंदाच्या स्मरणिकेसाठी बालरोगांविषयी एखादा माहितीपर लेख द्यावा, अशी संपादक मंडळाची सूचना होती. लसीकरण, स्तनपान, बालदमा हे विषय आपल्या स्मरणिकांतून वारंवार येऊन गेले आहेत. म्हणून या वेळी थोडा वेगळा विषय निवडला आहे. पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील एचआयव्हीबाधित मुलांना आपण जी औषधे देतो, त्यांच्या मात्रा कोणी ठरवल्या आणि ते ठरवणारे संशोधक कसे तयार झाले, याचा मागोवा येथे घेतला आहे. डॉक्टर नसलेल्या वाचकांनाही तो समजावा, असा प्रयत्न आहे.

एक उदाहरण घेतो. बाधित मुलाला को-ट्रायमोक्सॅझोल हे जुने, स्वस्त सल्फायुक्त औषध रोज द्यावे, हे आज कोणताही निवासी डॉक्टर सांगेल. पंचवीस वर्षांपूर्वी मात्र हे स्पष्ट नव्हते. आफ्रिकेतील अनेक जंतू या औषधाला दाद देत नव्हते. ते सर्रास दिले तर उपयोग काहीच नाही आणि जंतूंचा प्रतिकार मात्र वाढेल, अशी रास्त शंका होती. या प्रश्नाचे उत्तर लंडन वा बोस्टनमध्ये मिळणे शक्य नव्हते, कारण तेथे ते जंतू नव्हते आणि तेवढी बाधित मुलेही नव्हती. झांबियाची राजधानी लुसाका येथील विद्यापीठ रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञ चिफुंबे चिंटू आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्यांनी ५४१ मुलांवर हा प्रयोग केला. निम्म्या मुलांना औषध दिले, निम्म्यांना औषधासारखेच दिसणारे निष्क्रिय द्रव्य. औषध मिळालेल्या गटात २८ टक्के मुले दगावली, दुसऱ्या गटात ४२ टक्के. फरक इतका स्पष्ट दिसू लागला की प्रयोग मुदतीपूर्वी थांबवावा लागला. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने आपली शिफारस अधिक ठाम केली.

याच लुसाकामध्ये पुढे जे घडले ते आपल्या अधिक जवळचे आहे. त्या काळी मुलांसाठी वेगळ्या गोळ्या नसल्याने मोठ्यांची तिहेरी औषधाची गोळी सुरीने अर्धी वा पाव करून दिली जाई. पेडण्याच्या बाजूने नातवाला घेऊन येणाऱ्या आजीबाईंना ‘ही गोळी नेमकी मधोमध तोडा’ असे सांगताना मला स्वतःलाच त्या सूचनेची खात्री वाटत नसे. अडचण तुकडा वेडावाकडा पडण्यापुरती नव्हती. लहान मुलांचे शरीर नेव्हिरॅपीन लवकर बाहेर टाकते, म्हणून त्यांना इतर दोन औषधांच्या तुलनेत ते अधिक प्रमाणात लागते. म्हणजे गोळी अगदी काटेकोर मोडली तरी मात्रा चुकणारच. सिप्ला या आपल्या मुंबईच्या कंपनीने मुलांसाठी योग्य प्रमाणाच्या, पाण्यात विरघळणाऱ्या छोट्या गोळ्या बनवल्या. त्या मुलांच्या रक्तात पुरेशा उतरतात का, याची तपासणी लुसाकाच्या ‘चॅपास’ या अभ्यासात झाली. गोळी भारतातील आणि तिचे प्रमाणपत्र झांबियातले! आपल्या देशात नोव्हेंबर २००६ मध्ये राष्ट्रीय बालक एचआयव्ही उपक्रम सुरू झाला आणि मुलांसाठी अशा एकत्रित गोळ्या आपल्याकडेही आल्या. त्यांतील स्टॅव्ह्युडीन हे औषध पुढे दुष्परिणामांमुळे बाद झाले, ही गोष्ट वेगळी. त्याऐवजी कोणते औषध द्यावे याचा पुढचा अभ्यास, ‘चॅपास-३’, २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रथम लेखिका व्हेरोनिका मुलेंगा या लुसाकाच्याच बालरोगतज्ज्ञ.

बारा आठवड्यांच्या आतील बाधित अर्भकाला लक्षणांची वाट न पाहता लगेच उपचार सुरू केल्यास मृत्यू सुमारे तीन चतुर्थांशाने घटतात, हे दक्षिण आफ्रिकेतील ‘चेर’ अभ्यासाने २००८ मध्ये दाखवले. आपण आज जे करतो त्याच्या मुळाशी तो अभ्यास आहे.

आता मूळ विषयाकडे वळू. असे संशोधक आपोआप तयार होत नाहीत. एमडी झालेल्या डॉक्टराला रोग ओळखता येतो, उपचार करता येतो. पण किती मुले अभ्यासात घेतली म्हणजे निष्कर्षाला अर्थ राहील, निरक्षर मातेची संमती खरोखर समजून घेतलेली कशी ठरेल, औषध सोडून गेलेल्या मुलांची गणना कशी करावी, हे त्याला कोणी शिकवलेले नसते. ते शिकण्यासाठी पदव्युत्तर पदवी, मग पीएचडी आणि त्यानंतर अनुभवी संशोधकाच्या हाताखाली दोन-तीन वर्षांचे पीएचडी-उत्तर काम, असा लांबचा रस्ता असतो.

या रस्त्याची आखणी १९८८ मध्ये झाली. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांतील फोगार्टी केंद्राने त्या वर्षी एड्स संशोधन प्रशिक्षणाचा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. अमेरिकी विद्यापीठांना अनुदान द्यायचे आणि त्यांनी गरीब देशांतील तरुणांना शिकवायचे, ही योजना. केवळ शिष्यवृत्ती देऊन परदेशी नेले असते तर बहुतेक तिकडेच राहिले असते. आपल्याला हा अनुभव नवा नाही. डिचोलीतल्या किती घरांतील डॉक्टर मुले आज परदेशात आहेत, ते मोजून पाहावे. म्हणून पुढे अनेक ठिकाणी निराळी रचना आली. वर्गातील अभ्यासक्रम परदेशात, पण प्रबंधाचे काम स्वतःच्या देशात आणि स्वतःच्या रुग्णांवर. मार्गदर्शक दोन, एक तिकडचा आणि एक इकडचा. परतल्यावर लगेच हाताला काम लागावे म्हणून फोगार्टी केंद्राने स्वतंत्र ‘पुनर्प्रवेश’ अनुदानेही दिली. माझ्या मते या साऱ्या योजनेतील सर्वांत शहाणपणाचा भाग हाच. शिकून आलेल्या माणसाला प्रयोगशाळेत बाकडे आणि शीतकपाटात जागा मिळाली नाही, तर तो दुसऱ्याच महिन्यात पुन्हा तिकीट काढतो.

या वाटेने गेलेली माणसे पाहावीत. कुराइशा अब्दुल करीम या भारतीय वंशाच्या दक्षिण आफ्रिकी साथरोगतज्ज्ञ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकल्या आणि परतल्या. १९९३ पासून कोलंबियाच्या साहाय्याने त्यांनी दक्षिण आफ्रिका परिसरात जो प्रशिक्षण कार्यक्रम चालवला, त्यातून सहाशेहून अधिक संशोधक तयार झाले. त्यांनी आणि त्यांचे पती सलीम यांनी डर्बनमध्ये उभारलेल्या ‘कॅप्रिसा’ या संस्थेने २०१० मध्ये स्त्रियांना स्वतः वापरता येणाऱ्या टेनोफोव्हिर जेलचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात संसर्ग ३९ टक्क्यांनी कमी झाला होता. पुढील मोठ्या अभ्यासात त्या जेलला तसे यश मिळाले नाही, हेही नोंदवले पाहिजे.

दुसरे नाव थुंबी न्डुंगू यांचे. हे केनियाचे, आणि मूळचे पशुवैद्य. नैरोबीत पदवी घेऊन ते हार्वर्डला पीएचडीसाठी गेले. बोट्सवानातील रुग्णांकडून मिळालेल्या विषाणूपासून त्यांनी एचआयव्हीच्या ‘सी’ उपप्रकाराची प्रयोगशाळेत अभ्यासता येणारी, संसर्गक्षम प्रत तयार केली. ते काम २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. पाश्चात्त्य देशांत ‘बी’ उपप्रकार प्रामुख्याने आढळतो, त्यामुळे बरेचसे संशोधन त्याच्यावरच होत असे. आफ्रिकेच्या दक्षिण भागात आणि भारतातही ‘सी’चे प्राबल्य आहे. म्हणजे त्या प्रतीचा उपयोग आपल्यालाही तेवढाच. न्डुंगू पुढे डर्बनला आले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली २०१६ मध्ये ‘सॅन्थे’ हे क्षयरोग व एचआयव्ही संशोधकांचे जाळे उभे राहिले. त्यात पदव्युत्तर, पीएचडी आणि पीएचडी-उत्तर अशा तिन्ही पायऱ्यांवर आफ्रिकी तरुणांना आफ्रिकेतच शिकवले जाते.

आपल्या भाषेच्या प्रदेशात याच जातीचे काम पुण्यात झाले. भोसरी येथे १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, म्हणजे ‘नारी’, स्थापन झाली आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाशी तिचे सहकार्य जुळले. डॉ. रमण गंगाखेडकर हे मूळचे बालरोग शिकलेले; त्यांनी जॉन्स हॉपकिन्समधून सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेतली. २०२० मध्ये कोविडच्या वार्ताहर परिषदांत आपण सर्वांनी त्यांना दूरचित्रवाणीवर पाहिले. पण त्यांचे मला अधिक महत्त्वाचे वाटणारे काम १९९७ चे आहे. पुण्याच्या गुप्तरोग चिकित्सालयांत आलेल्या, वेश्याव्यवसायात नसलेल्या ३९१ स्त्रियांपैकी १३.६ टक्के एचआयव्हीबाधित असल्याचे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘जामा’त मांडले. त्यांतील बहुतेक विवाहित, एकनिष्ठ स्त्रिया होत्या. हा रोग ‘तसल्या’ लोकांचा, ही समजूत या आकड्यांनी मोडीत काढली. पुढे ससून रुग्णालय आणि बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाने इथिओपिया व युगांडाबरोबर स्तनपान घेणाऱ्या अर्भकांना सहा आठवडे नेव्हिरॅपीन देण्याचा अभ्यास केला. २००८ मध्ये त्याचा निकाल आला. सहा आठवड्यांच्या वयात संसर्गाचे प्रमाण ५.३ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले होते. सहा महिन्यांपर्यंत मात्र हा फायदा बराच ओसरला. त्यामुळे स्तनपान चालू असेतो संरक्षणही चालू ठेवावे लागेल, या विचाराला बळ मिळाले. पुणे, अदिस अबाबा आणि कंपाला यांनी एकत्र मिळून शोधलेले हे उत्तर.

गोव्याचा या रोगाशी पहिला जाहीर परिचय मात्र दुःखद आहे. १९८९ मध्ये पर्रा गावच्या डॉमिनिक डिसोझा या रक्तदात्या तरुणाला कायद्याचा आधार घेऊन म्हापशाच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस एकटे ठेवण्यात आले. हा विषाणू कसा पसरतो आणि कसा पसरत नाही, हे तेव्हा विज्ञानाला ठाऊक झालेले होते. प्रशासनाला ते अधिकारवाणीने समजावील असा प्रशिक्षित संशोधक मात्र जवळपास नव्हता.

संशोधनाच्या बाबतीत गोवा अगदीच कोरा आहे असेही नाही. डॉ. विक्रम पटेल यांनी नव्वदच्या दशकाच्या आरंभी झिंबाब्वेत हरारे येथे मनोविकारांवर काम केले, ते गोव्यात आले आणि १९९६ मध्ये सहकाऱ्यांसह त्यांनी ‘संगाथ’ सुरू केले. गोव्याच्या आरोग्य केंद्रांत सामान्य शिक्षण झालेल्या समुपदेशकांकडून नैराश्यावर उपचार करता येतात, हे त्यांच्या ‘मानस’ अभ्यासाने २०१० मध्ये दाखवले. हरारेतील डिक्सन चिबांडा यांनी आजीबाईंना शिकवून बाकावर बसवले आणि असाच उपक्रम चालवला. २०१६ च्या त्यांच्या अभ्यासातील बऱ्याच व्यक्ती एचआयव्हीबाधित होत्या. चिबांडांनी पीएचडी केली ती केप टाऊनला, आणि मग ते इतर आफ्रिकी तरुणांना शिकवू लागले.

या सगळ्याला २०२५ मध्ये मोठा धक्का बसला. अमेरिकेने यूएसएड ही संस्था मोडीत काढली आणि परदेशी संस्थांना संशोधनाची उपअनुदाने देण्याची जुनी पद्धत मे महिन्यात थांबवली. दक्षिण आफ्रिकेतील अनेक अभ्यास अडचणीत आले. औषधाचा पुरवठा तुटला तर तो पुन्हा जोडता येतो. पण अर्ध्या वाटेवर असलेला पीएचडीचा विद्यार्थी खासगी रुग्णालयात नोकरी धरतो आणि परत येत नाही. परक्याच्या पैशावर उभ्या असलेल्या शिक्षणाची ही कमकुवत बाजू आफ्रिकेतील मंडळींना आधीपासून माहीत होती. ‘सॅन्थे’सारखी जाळी आफ्रिकेतच रुजवण्यामागे तेही एक कारण असावे.

आपल्या देशात तुलनेने बरे दिवस आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिष्यवृत्त्या आहेत; जैवतंत्रज्ञान विभाग आणि वेलकम ट्रस्ट यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या ‘इंडिया अलायन्स’च्या पाठ्यवृत्त्या डॉक्टरांनाही मिळतात. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना संशोधनपद्धतीचा प्राथमिक अभ्यासक्रम ऑनलाइन पूर्ण करावा लागतो. तो बहुतेक जण कसा ‘उरकतात’, हे येथे लिहिण्याची गरज नाही.

प्रश्नांची तर आपल्याकडे उणीव नाही. बाधित मातेचे पण स्वतः बाधित नसलेले मूल अधिक वेळा आजारी पडते, असे आफ्रिकेतील अभ्यास सांगतात. पेडणे-डिचोलीतील अशा मुलांची वाढ कशी होते? अठराव्या महिन्याची तपासणी चुकते ती कोणत्या टप्प्यावर? औषधासाठी बांबोळीपर्यंत बस बदलत जावे लागते म्हणून, की गावात कळेल म्हणून? पेडणे तालुक्यातील एक तरुण डॉक्टर, माझी माजी विद्यार्थिनी, या शेवटच्या प्रश्नावर पीएचडी करू इच्छिते. तिला सांख्यिकी शिकवणारा मार्गदर्शक पुण्यात मिळाला आहे. येथील मार्गदर्शकाचा शोध चालू आहे. या स्मरणिकेच्या वाचकांपैकी ज्यांना तालुक्यातील जुन्या नोंदवह्यांची माहिती आहे, त्यांनी तिला अवश्य वेळ द्यावा. नैतिक समितीपुढे ठेवायचा तिचा मसुदा मी दोनदा वाचला आहे. संमतीपत्र तिने मराठी आणि कोंकणी दोन्ही भाषांत लिहिले आहे, आणि रुग्णाचे नाव व गाव कोठेही येणार नाही अशी तजवीज केली आहे.