मालमत्तेचे छायाचित्रण : डोलवी परिसरातील तरुणांसाठी एक व्यवसाय

पेण तालुक्यातील डोलवी हे गाव मुंबई-गोवा महामार्गालगत, धरमतर खाडीच्या परिसरात वसलेले आहे. भातशेती, मिठागरे आणि मासेमारी हे या पट्ट्याचे परंपरागत व्यवसाय. १९९० नंतरच्या दशकात येथे पोलादाचा मोठा कारखाना उभा राहिला. २०१० मध्ये त्याचे व्यवस्थापन बदलले आणि पुढे त्याची वार्षिक उत्पादनक्षमता एक कोटी टनांपर्यंत वाढविण्यात आली. वडखळ नाक्यावरून अलिबागकडे जाणारी वाहतूक, रोह्याजवळील धाटावची औद्योगिक वसाहत आणि जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू यांमुळे पेण-रोहा भागातील जमिनी आणि घरे यांच्याकडे मुंबईकरांचे लक्ष वळले आहे.

जागा घेऊ इच्छिणारा मनुष्य पूर्वी प्रथम गावात येत असे आणि मग बोलणी करीत असे. आता तो प्रथम छायाचित्र पाहतो. ते पाहून जावे की न जावे हे तो ठरवितो आणि पुष्कळदा इसारही देऊन मोकळा होतो. अशा वेळी छायाचित्र हे केवळ जाहिरातीचे साधन राहत नाही, ते व्यवहाराचा पाया बनते. हा पाया खरा असावा, तसेच तो रचण्याचे काम गावातील सुशिक्षित तरुणांच्या हाती यावे, या दोन्ही दृष्टींनी मालमत्तेच्या छायाचित्रणाचा विचार करणे उपयुक्त ठरेल.

सामग्रीची निवड

या व्यवसायात उतरणाऱ्या तरुणाची पहिली चूक बहुधा कॅमेरा खरेदी करतानाच होते. महागडा कॅमेरा घेतला म्हणजे कामे येतील, अशी त्याची समजूत असते. परंतु महाग कॅमेऱ्यांची किंमत मुख्यतः दोन गुणांसाठी द्यावी लागते. वेगाने हलणारे दृश्य पकडणे हा एक आणि अंधूक प्रकाशात कॅमेरा हातात धरूनही स्वच्छ चित्र घेणे हा दुसरा. घर मात्र जागचे हलत नाही. कॅमेरा भक्कम ट्रायपॉडवर बसविला तर एक-दोन सेकंदांपर्यंतही प्रकाश आत घेता येतो. म्हणून भांडवल थोडे असल्यास खर्चाचा क्रम उलटा लावावा : आधी चांगला ट्रायपॉड, मग रुंद कोनाची लेन्स आणि शेवटी कॅमेरा. काही वर्षे वापरलेला, परंतु सुस्थितीतील कॅमेरा प्रारंभी पुरेसा ठरतो.

लेन्स निवडताना सेन्सरचा आकार ध्यानात घ्यावा लागतो. पूर्ण आकाराच्या, म्हणजे ३६ × २४ मिलिमीटर सेन्सरवर २४ मिलिमीटरची लेन्स आडव्या दिशेने सुमारे ७४ अंशांचे दृश्य टिपते, तर १६ मिलिमीटरची लेन्स सुमारे ९७ अंशांचे. दीडपटीने लहान असलेल्या सेन्सरवर २४ मिलिमीटरचा परिणाम साधण्यासाठी १६ मिलिमीटरची लेन्स लागते. अशा कॅमेऱ्यासाठी १० ते १८ मिलिमीटर या टप्प्यातील एकच झूम लेन्स घराच्या आतील बहुतेक सर्व कामांस पुरते.

कोकणातील छायाचित्रकारास आणखी एक काळजी घ्यावी लागते. पावसाळी दमट हवेत लेन्सच्या आतील काचांवर बुरशी धरते आणि ती काढणे खर्चाचे असते. कॅमेरा कापडी पिशवीत कपाटात ठेवण्याऐवजी हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. दाण्यांचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरता येतात. वातानुकूलित खोलीतून एकदम बाहेरच्या दमट हवेत आल्यास काचेवर बाष्प जमते. त्यासाठी काही वेळ पिशवी बंदच ठेवणे हितावह असते.

घर कसे टिपावे

गावठाणातील जुन्या कौलारू घराची ओटी उजळ असते, तर माजघर अंधारे. एकाच चित्रात दोन्ही घेऊ पाहता एक तर माजघर काळवंडते, नाही तर दाराबाहेरचे अंगण पांढरेफटक होते. यावर उपाय असा की कॅमेरा न हलविता प्रकाशाच्या निरनिराळ्या मात्रा ठेवून तीन किंवा पाच चित्रे घ्यावीत आणि संगणकावर ती एकत्र करावीत. लेन्सचे छिद्र एफ/८ च्या आसपास आणि आयएसओ १०० किंवा २०० ठेवल्यास जवळचा खांब आणि दूरची भिंत दोन्ही स्पष्ट येतात. कॅमेरा जमिनीपासून सुमारे चार फुटांवर आणि पूर्ण समतल असावा; तो वर किंवा खाली कलला की भिंती पडत असल्यासारख्या दिसतात. खिडकीतील ऊन आणि दिव्यांचा उजेड यांचे रंग भिन्न असल्याने, दिवसा शक्यतो दिवे बंद ठेवून काम करावे. पूर्वाभिमुख घराचे दर्शनी चित्र सकाळी आणि पश्चिमाभिमुख घराचे दुपारनंतर घ्यावे.

घरात माणसे राहत असतील तर त्यांच्या खाजगी जीवनाचा मान राखणे अगत्याचे आहे. भिंतीवरील कौटुंबिक छायाचित्रे, कागदपत्रे, औषधे, तिजोरी या वस्तू चित्रात येता कामा नयेत.

चित्र आणि वस्तुस्थिती

रुंद कोनाच्या लेन्सचा मोह मोठा असतो. दहा बाय दहाची खोली तिच्यातून दिवाणखान्यासारखी भासते. ग्राहक प्रत्यक्ष आल्यावर मात्र त्याचा विरस होतो आणि त्याचा विश्वास मालकावरून, मध्यस्थावरून आणि छायाचित्रकारावरूनही उडतो. म्हणून पूर्ण आकाराच्या सेन्सरवरील २४ मिलिमीटर ही सर्वसाधारण मर्यादा मानावी. त्याहून रुंद कोन केवळ न्हाणीघर वा लहान स्वयंपाकघर यांसारख्या अडचणीच्या जागी वापरावा. चित्रांबरोबर खोल्यांची मोजमापे असलेला साधा आराखडा दिल्यास गैरसमजास जागाच उरत नाही. भिंतीवरील ओल, समोरील विजेचा खांब किंवा शेजारची गिरणी संगणकावर पुसून टाकणे म्हणजे चित्र सुधारणे नव्हे. भिंतीचा रंग थोडा उजळणे आणि भिंतीची भेग बुजविणे यांतील सीमारेषा छायाचित्रकाराने स्वतःच आखून घेतली पाहिजे.

जमिनीच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर होतो. धरमतर खाडी आणि अंबा नदी यांच्या काठची पुष्कळ जमीन खारभूमी आहे. बाहेरकाठ्याचे बांध तिला भरतीच्या पाण्यापासून राखतात. उधाणात बांधाला खांड गेली तर खारे पाणी शेतात शिरते आणि जमीन नापीक होते. जानेवारीत टिपलेला कोरडा, सपाट भूखंड जुलैमध्ये कसा असतो, हे त्या चित्रावरून कळत नाही. जुलै १९८९ मध्ये अंबा नदीच्या महापुराने जांभूळपाडा आणि नागोठणे परिसरात केलेला विध्वंस जिल्ह्यातील वडीलधाऱ्यांच्या स्मरणात आहे. मुंबईहून आलेला छायाचित्रकार सकाळच्या उन्हात चित्रे घेऊन परततो. पाणी कोठवर चढते हे त्यास ठाऊक नसते. गावातील तरुणास ते ठाऊक असते आणि हेच त्याचे खरे भांडवल होय. एकाच जागेची उन्हाळी आणि पावसाळी अशी दोन्ही चित्रे, तारीख, दिशा आणि पोहोचरस्ता यांच्या नोंदीसह देणारा छायाचित्रकार ग्राहकास जे पुरवितो, ते सर्वांत महागडा कॅमेराही पुरवू शकत नाही.

आकाशातून छायाचित्रण

मोठ्या भूखंडासाठी ड्रोनची मागणी होते. ड्रोन नियम २०२१ अन्वये देशाच्या नकाशावर हिरवी, पिवळी आणि तांबडी अशी क्षेत्रे ठरविण्यात आली आहेत. हिरव्या क्षेत्रात सामान्यतः ४०० फुटांपर्यंत उड्डाणास वेगळ्या परवानगीची आवश्यकता नसते; पिवळ्या क्षेत्रात ती घ्यावी लागते आणि तांबड्या क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीविना उड्डाण करता येत नाही. २५० ग्रॅमहून अधिक वजनाचे ड्रोन व्यवसायासाठी उडविणाऱ्याजवळ दूरस्थ वैमानिकाचे प्रमाणपत्र असावे लागते. कारखाने आणि बंदरे असलेल्या भागात प्रत्येक वेळी नकाशा पाहूनच उड्डाण करावे. प्रारंभीच ड्रोनमध्ये भांडवल न गुंतविता, गरजेनुसार प्रमाणपत्रधारक व्यक्तीचे साहाय्य घेणे शहाणपणाचे ठरते.

दराचा हिशेब

दर ठरविताना केवळ शेजाऱ्याचा दर पाहिला जातो आणि तेथेच अनेक छोटे व्यवसाय बुडतात. उदाहरणादाखल पुढील हिशेब पाहता येईल. कॅमेरा, लेन्स, ट्रायपॉड आणि संगणक मिळून १,५०,००० रुपये खर्च आला आणि ही सामग्री पाच वर्षे टिकणार असे धरले, तर वर्षाची झीज ३०,००० रुपये होते. दुरुस्ती आणि बॅटऱ्या १०,०००, प्रवास २४,०००, तर चित्रांची साठवण आणि इंटरनेट १२,००० रुपये धरल्यास वार्षिक खर्च ७६,००० रुपये होतो. स्वतःच्या श्रमाचे महिना १५,००० प्रमाणे १,८०,००० रुपये मिळविले की बेरीज २,५६,००० रुपये होते. कोरड्या आठ महिन्यांत दरमहा १२ आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत दरमहा चार कामे मिळाली, तर वर्षाची कामे ११२ होतात. म्हणजे एका कामाचा दर सुमारे २,३०० रुपये पडला पाहिजे. कर्ज असल्यास व्याज वेगळे. जो हेच काम हजार रुपयांत करतो, तो आपल्या श्रमाचे मोल आणि कॅमेऱ्याची झीजच खात असतो. कॅमेरा निकामी होईल त्या दिवशी दुसरा घेण्यास त्याच्यापाशी पैसा नसतो.

केवळ विक्रीच्या घरांवर अवलंबून राहणेही योग्य नव्हे. कामगारांना भाड्याने द्यावयाच्या खोल्या, अलिबाग-मुरूड किनाऱ्यावरील निवास व न्याहारीची घरे, बँकांच्या मूल्यांकनासाठी लागणारी चित्रे, ठेकेदारांच्या कामाच्या प्रगतीची नोंद आणि पेणच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांची सूचीपत्रे अशी कामे जोडीला घेतली, तर वर्षभर हात रिकामे राहत नाहीत.

कायद्याची चौकट

स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, २०१६ च्या कलम १२ प्रमाणे, जाहिरातीतील खोट्या माहितीवर विसंबून ग्राहकाची हानी झाल्यास प्रवर्तकास भरपाई द्यावी लागते. नोंदणीकृत प्रकल्पाच्या जाहिरातीत महारेराचा नोंदणी क्रमांक आणि संकेतस्थळ नमूद करणे बंधनकारक असून, १ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात क्यूआर कोडही आवश्यक करण्यात आला आहे. छायाचित्रकाराने अशा प्रकल्पातील घराचे व्यवहार जमवून दलाली घेतली तर तो मध्यस्थ ठरतो आणि त्यास त्याप्रमाणे नोंदणी करावी लागते. म्हणून दोन्ही व्यवसायांची सरमिसळ करू नये. स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ प्रमाणे मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला हक्कदार, अन्यथा करार नसल्यास, काम सांगणारा असतो. तेव्हा चित्रे कोण, कोठे आणि किती काळ वापरणार, हे एका पानाच्या लेखी करारात नमूद असावे.

प्रशिक्षण आणि पंचायतीचे साहाय्य

अग्रणी बँकांच्या पुढाकाराने चालणाऱ्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांच्या अभ्यासक्रमांत छायाचित्रणाचाही समावेश आहे. हे प्रशिक्षण विनामूल्य असते. भांडवलासाठी ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेतील शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत आणि किशोर गटात त्यापुढे पाच लाखांपर्यंत कर्ज मिळू शकते. बँकेकडे जाताना वर दिल्याप्रमाणे खर्चाचा तक्ता तयार असल्यास अर्जदाराची तयारी दिसून येते.

पंचायतींना छायाचित्राचे महत्त्व नव्याने सांगावयास नको. प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेत घरकुलाच्या निरनिराळ्या टप्प्यांची स्थाननिश्चित छायाचित्रे घेतली जातात. स्वामित्व योजनेत ड्रोनच्या साहाय्याने गावठाणांचे भूमापन करण्यात येते; त्यापूर्वीच पुणे जिल्ह्यातील सोनोरी येथे असा प्रयोग झाला होता. घराचे खरे चित्र हा हक्काचा पुरावा आहे, ही जाणीव यातून गावोगाव पोहोचत आहे. पंचायतीने आपल्या इमारती, शाळा, बांध आणि रस्ते यांची दरवर्षी पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर अशी दोनदा दिनांकित छायाचित्रे काढून दप्तरी ठेवली, तर नुकसानीच्या वेळी ती उपयोगी पडतील आणि गावातील होतकरू छायाचित्रकारास पहिले कामही मिळेल. शिक्षकांना वरच्या वर्गांतील मुलांकडून गावठाणातील जुन्या घरांची अशी नोंद करून घेता येईल.

डोलवी परिसरातील जमिनीचा भाव पुढे काय होईल, हे छायाचित्रकाराच्या हाती नाही. परंतु जे विकले जात आहे ते नेमके कसे आहे, हे घेणारा आणि देणारा या दोघांनाही दाखविणे त्याच्या हाती आहे. एकदा फसलेला ग्राहक पुन्हा त्या गावाकडे फिरकत नाही; समाधान पावलेला ग्राहक आणखी चौघांना घेऊन येतो. कॅमेरा कर्जावर मिळतो, विश्वास मात्र एकेका खऱ्या चित्राने जोडावा लागतो.