मानेला तिचे महिने दे, बाय

बाय, तुझा हात आता दुखत नाही, बोटांतल्या मुंग्या कमी झाल्या, आणि नारळी पुनवेनंतर मासळीची पाटी घेऊन पुन्हा बाजारात बसणार असं तू घरात बोलायला लागलीस. ऐकून बरंही वाटलं आणि धास्तीही वाटली. तुझ्यासारखंच ऑपरेशन होऊन माझ्याही मानेत पट्टी आहे, म्हणून हक्काने चार गोष्टी सांगते. डॉक्टर सांगतातच, पण आपली विळी, आपली पाटी, आपली मार्वेची फेरीबोट त्यांनी कुठे पाहिलेली असते?

आधी मानेत काय केलंय ते समजून घे. मानेत सात मणके. बहुतेकांची दुखणारी चकती पाचव्या-सहाव्या किंवा सहाव्या-सातव्या मणक्यांच्या मधली असते, तुझीही तिथलीच. गळ्याच्या पुढून छेद घेऊन ती काढली, तिच्या जागी हाड भरलेला छोटा पिंजरा बसवला आणि वरून धातूची पट्टी स्क्रूंनी आवळली. नस मोकळी झाली, म्हणून हात लगेच हलका वाटला. पण दोन मणके जुळून एक हाड व्हायला तीन महिन्यांपासून वर्षभर लागतं. तोवर त्यांना धरून ठेवायचं काम स्क्रू करतायत. स्लॅब टाकला की वरून टणक दिसतो, तरी खालचं सेंटरिंग कोणी लगेच काढत नाही, तसंच हे. दुखणं आधी जातं, हाड मागाहून जुळतं, आणि बाई घाई करते ती नेमकी या मधल्या महिन्यांत.

घास गिळताना अडतो, आवाज बसल्यासारखा येतो, याला घाबरू नकोस. ऑपरेशन करताना अन्ननलिका बाजूला सारावी लागते, आवाजाची नसही तिथूनच जाते. बहुतेकींचं काही आठवड्यांत सुधारतं. तोवर पेज, मऊ भात, काटे काढलेला सुरमईचा तुकडा खा. मांदेलीसारखे काटेरी मासे थोडे लांब ठेव. दोन खांद्यांच्या मध्ये दुखतं तेही नेहमीचंच. बोटांची बधिरता मात्र सावकाश जाते, कधी कधी महिने घेते. रोज उठून बोटं दाबून बघत बसू नकोस.

उठताना सरळ झटक्यात बसू नकोस. आधी सगळं अंग एकाच वेळी कुशीवर वळव, पाय खाली सोड, हाताने रेटा देऊन उठ. झोप पाठीवर किंवा कुशीवर, उशी बेताची, पालथं अजिबात नाही. केस धुताना नळाखाली मान वाकवू नकोस, स्टुलावर ताठ बस आणि पाणी दुसऱ्या कुणाला घालू दे. डोक्यातून घालायच्या कपड्यांपेक्षा पुढून बटणांचा गाऊन बरा. मानेचा पट्टा दिला असेल तर सांगितल्याशिवाय काढू नकोस. दिला नसेल तर शेजारणीचा आणून बांधू नकोस, कारण एकाच जागच्या ऑपरेशनला पट्टी-स्क्रू असले की काही डॉक्टर तो देतच नाहीत. आणि नवऱ्याजवळ जायचं केव्हा, हेही डॉक्टरांना विचार. लाज कसली? जखम भरली, त्यांनी हो म्हटलं, की मानेवर ताण येणार नाही अशा बेताने हरकत नसते.

या दिवसांतला खरा व्यायाम म्हणजे चालणं. सकाळी घरापासून किनाऱ्यापर्यंत, जमेल तेवढं, रोज थोडं वाढवत. ओल्या वाळूत नको, सपाट रस्त्यावर. मानेचे व्यायाम मात्र फिजिओथेरपिस्टने शिकवल्याशिवाय नाहीत. मालीशवालीला, हाडवैद्याला मानेला हात लावू द्यायचा नाही, मग कोणी कितीही गळ घालो.

स्वयंपाकघरात हळूहळू ये. पहिले काही आठवडे दोन-तीन किलोच्या वर काही उचलायचं नाही, म्हणजे पाण्याची कळशी नाही, तांदळाचा डबा नाही, आणि नातवंड कडेवर तर नाहीच. ते तुला बिलगलं तर तू बस आणि त्याला मांडीवर येऊ दे. विळीवर वाकून मासे साफ करण्यात मान तासन्‌तास खाली राहते. डोकं पाचेक किलोचं, ते पुढे झुकलं की मानेला कितीतरी पटीने जड होतं. म्हणून ओट्यावर फळी मांड, उभ्याने सुरीने काप, मध्ये मध्ये थांब. मोबाईलही डोळ्यांसमोर धर.

तपासणीला जाताना फेरीबोटीचा विचार कर. भरतीच्या वेळी चढणं सोपं जातं, ओहोटीला शेवाळलेल्या पायऱ्या उतराव्या लागतात. हात मोकळे ठेव, कुणाचा तरी हात धर, बोटीच्या मधे बस. मार्वेहून पुढे गर्दीची वेळ टाळ. गोराई-उत्तनवरून भाईंदरकडे रिक्षाने गेलीस तर खड्डे मान हलवतात, तेव्हा रिक्षावाल्याला आधीच सावकाश चालवायला सांग. स्कूटी डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच. गुंगीच्या गोळ्या बंद झालेल्या हव्यात, पट्टा निघालेला हवा आणि मागे वळून बघता यायला हवं. मान कायमची आखडेल ही भीती मात्र सोड. मान वळवण्याचं जवळपास निम्मं काम सगळ्यात वरच्या दोन मणक्यांमध्ये होतं, आणि ते तुझे शाबूत आहेत.

मिश्रीचंही बोलते, रागावू नकोस. तंबाखूतलं निकोटिन हाडाला पुरेसं रक्त पोचू देत नाही आणि जुळणी अडते. विडी-सिगारेट असो की मिश्री, निकोटिन तेच. मेडिकलमधून मनानेच दुखण्याच्या गोळ्याही आणू नकोस, त्यातल्या काही हाड जुळण्याच्या आड येऊ शकतात.

आता पाटीचं. १ जून ते ३१ जुलै मासेमारीची बंदी असते, आणि तुझं ऑपरेशन मेच्या अखेरीला झालं, हे बरंच झालं. पण नारळी पुनवेला तुला जेमतेम अडीच-तीन महिने होतील. बाजारात जा, बैस, गिऱ्हाईक कर. पण उंच स्टुलावर बस, कापायला कुणाला तरी सोबत घे, आणि मासळीचे क्रेट फेरीबोटीत चढवायला घरातला माणूस किंवा हमाल लाव. डोक्यावरची पाटी मात्र आता संपली. एक्सरेत हाड जुळलेलं दिसलं तरी संपली. जुळलेल्या मणक्यांच्या वरच्या-खालच्या चकत्यांवर जादा भार येतो. १९९९ साली छापलेल्या एका मोठ्या पाहणीत दर वर्षी शंभरातल्या साधारण तीन जणांना या शेजारच्या मणक्यांचा नवा त्रास झालेला दिसला. डोक्यावर ओझं घेऊन तो त्रास का ओढवून घ्यायचा? आपल्या आया-आज्यांनी पाट्या वाहिल्या, त्यांच्या माना दुखल्याच. तेव्हा विचारणारं कोणी नव्हतं, एवढंच.

काही गोष्टींना मात्र थांबायचं नाही. गळा सुजून श्वास लागला, हातापायांतली ताकद अचानक गेली, लघवीवरचा ताबा सुटला, ताप आला, जखमेतून पाणी आलं, पोटरी दुखायला लागली किंवा धाप लागली, तर उशीर करू नको. फेरीबोट रात्रभर नसते. रात्री कोणाची गाडी, कोणता रस्ता, कोणतं हॉस्पिटल, हे आजच घरात ठरव आणि १०८ नंबर सगळ्यांच्या मोबाईलमध्ये टाक. ऑपरेशनचे कागद आणि पट्टीची माहिती एका पिशवीत ठेव. ऑपरेशन महात्मा फुले योजनेतून झालं असेल तर पुढच्या तपासण्यांसाठी हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला भेट.

घरच्यांना या दिवसांत तुझ्याकडून पैसे कमी मिळतील, आणि तुला ते खुपेल. तरी त्यांच्यापुढे दोन गोष्टी स्पष्ट बोल: या हंगामात ओझं कोण उचलणार, आणि पुढच्या हंगामापासून पाटीऐवजी ढकलगाडी की क्रेट. हे बोलणं पुनवेच्या आधी उरकून घे.