बुडालेल्या बँकेतील नावे

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला खतावणीत जमा आणि नावे या दोन बाजू दिसतात. बाजू जुळल्या, शिल्लक निघाली, की त्या पानाशी आपला संबंध संपला. परंतु हिशेबाच्या वह्यांत आकड्यांखेरीज माणसेही असतात. अमेरिकेतील एका बुडालेल्या बँकेच्या वह्या हे याचे ठळक उदाहरण होय. या वह्यांतून लाखो नावांची सूची तयार झाली आणि ती पगारी कारकुनांनी नव्हे, तर स्वयंसेवकांनी केली. ती कशी झाली व आपण तिच्यापासून काय घ्यावे, हे या लेखात पाहू.

प्रथम पार्श्वभूमी. अमेरिकेत यादवी युद्धाअखेर, 1865 साली, सुमारे 40 लाख कृष्णवर्णीय गुलाम मुक्त झाले. तोवर कायद्याच्या दृष्टीने ते मालकाची मालमत्ता होते. 1850 व 1860 च्या जनगणनेत गुलामांची वेगळी पत्रके होती. त्यांत नाव असे ते मालकाचे. गुलामाचे वय, लिंग आणि वर्ण एवढेच लिहीत. त्याचे नाव अपवादानेच आढळते. या सर्व लोकांची नावे जनगणनेत आली ती 1870 मध्ये. त्यामुळे त्यांच्या वंशजांना कुळाचा शोध 1870 पर्यंत नेता येतो; त्याच्या मागे वाट सापडणे कठीण. आई एका मळ्यावर आणि मूल दूरच्या राज्यात विकलेले, अशी अनेक कुटुंबांची गत असल्याने घरातील आठवणींचा धागाही तुटलेला.

3 मार्च 1865 रोजी राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्या सहीने ‘फ्रीडमन्स सेव्हिंग्ज अँड ट्रस्ट कंपनी’ ही बचत बँक अस्तित्वात आली. तेथे अगदी 5 सेंटची ठेवही घेत. परंतु पुष्कळ खातेदारांना सही करता येत नसे. ते फुलीची खूण करीत. फुली कोणाचीही सारखीच! मग ठेव काढायला आलेला मनुष्य तोच, हे ओळखायचे कसे? यासाठी कारकून खाते उघडताना जन्मस्थान, वय, व्यवसाय, आईवडील, पतीपत्नी, मुले, भाऊबहिणी यांची माहिती लिहून घेई. आरंभीच्या अर्जांत पूर्वीच्या मालकाचे आणि मळ्याचे नावही विचारलेले असे. आज आपण ज्याला केवायसी म्हणतो, त्याचाच हा प्रकार. मात्र येथे ओळखीसाठी विचारलेल्या प्रश्नांतून एका विखुरलेल्या समाजाची नाती कागदावर उतरली.

बँक मात्र टिकली नाही. 1870 मध्ये सनद बदलून स्थावर मालमत्तेवर कर्जे देण्याची मुभा मिळाली. ती कर्जे बेफिकिरीने वाटली गेली, त्यात 1873 ची मंदी आली आणि 1874 मध्ये बँक बंद पडली. सुमारे 61 हजार ठेवीदारांचे जवळजवळ 30 लाख डॉलर अडकले. काहींना त्यांतील अंश मिळाला, अनेकांना काहीच नाही. वाचलेली दप्तरे पुढे वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात राहिली. परंतु नोंदी शाखा आणि खाते क्रमांक यांच्या क्रमाने होत्या. ज्याला पणजोबाचा खाते क्रमांकच ठाऊक नाही, त्याने शोधावे कसे?

हे काम यूटा राज्याच्या तुरुंगातील कैद्यांनी हाती घेतले. लॅटर-डे सेंट्स या ख्रिस्ती चर्चच्या या प्रकल्पात 550 हून अधिक कैद्यांनी विनामोबदला 11 वर्षे मायक्रोफिल्म वाचून नोंदी उतरवल्या. 2001 मध्ये सुमारे 4 लाख 80 हजार नावांची सूची सीडीवर प्रसिद्ध झाली; आता ती चर्चच्या ‘फॅमिलीसर्च’ या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. पुढे 19 जून 2015 रोजी, मुक्त गुलामांसाठी नेमलेल्या सरकारी ‘फ्रीडमन्स ब्यूरो’च्या कागदपत्रांचे काम सुरू झाले. त्यांत मजुरीचे करार, विवाहनोंदी, शिधावाटपाच्या याद्या आहेत. 25 हजारांहून अधिक स्वयंसेवकांनी घरबसल्या संगणकावर एका वर्षात सुमारे 18 लाख नावे उतरवली.

या दुसऱ्या कामाची पद्धत आपल्या अभ्यासाशी जवळची आहे. एकच पान दोन स्वयंसेवक स्वतंत्रपणे उतरवत; एकाला दुसऱ्याचे काम दिसत नसे. जेथे दोघांत फरक पडे तेथे तिसरा अनुभवी माणूस मूळ पान पाहून निर्णय देई. बँक जुळवणी पत्रकात आपले रोकड पुस्तक आणि बँकेचे पासबुक समोरासमोर ठेवून आपण फरक काढतो, तसेच हे. दुसरा नियम असा, की जसे लिहिले आहे तसेच उतरवायचे, ‘सुधारायचे’ नाही; वाचता येत नसेल तर अंदाज न करता तशी खूण करायची.

हा नियम किती मोलाचा, हे आम्हा सीमाभागातल्या विद्यार्थ्यांना वेगळे सांगायला नको. एकच आडनाव मराठी दाखल्यावर एक रूप घेते आणि कानडी उताऱ्यावर दुसरे. तेथील कारकुनांनीही कानावर पडले तसे नाव लिहिले. उतरवणाऱ्याने आपल्या मते ‘शुद्ध’ रूप लिहिले, तर मूळ पुरावा झाकला जातो. म्हणूनच सूचीत नाव सापडल्यावरही शोध घेणाऱ्याने मूळ पानाची प्रतिमा पाहिलीच पाहिजे. सूची ही वाट दाखवते. पुरावा म्हणजे मूळ पान, जसे खतावणीमागे पावती असते.

या स्वयंसेवकांपैकी बहुतेकांचा त्या घराण्यांशी संबंध नव्हता. त्यांच्याकडून लागली ती चिकाटी आणि आकड्याइतक्याच काळजीने अक्षर वाचण्याची सवय. आपल्याकडेही जुन्या दप्तरांत मोडीतील कागद पुष्कळ आहेत आणि ते वाचणारे थोडे. हिशेब नीट ठेवायला शिकणाऱ्या विद्यार्थ्याने सुटीत मोडी शिकून असे एखादे दप्तर उतरवायला घेतले, तर त्याचे शिक्षण वाया गेले असे कोणी म्हणणार नाही. त्या बँकेने ठेवीदारांचे पैसे परत केले नाहीत. पण तिच्या कारकुनांनी मन लावून लिहिलेल्या ओळींमुळे त्यांच्या पणतवंडांना आपल्या माणसांची नावे मिळाली.