सासूबाईंचा दम

अगं, काल फोनवर तुझा आवाज ऐकला आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. "ताई, सासूबाईंना दम लागला की माझेच हातपाय गळतात," म्हणालीस. गळणारच गं. मी एवढी वर्षं छातीच्या वॉर्डात काढली, तरी माणूस श्वासासाठी धडपडताना पाहिलं की अजून पोटात गोळा येतो.

त्या वेळी त्यांना आडवं करू नकोस. खाटेच्या कडेला बसव, पाय जमिनीला टेकव, मांडीवर उशी दे आणि त्यावर कोपरं टेकून पुढं वाकू दे. चोळीची गाठ सैल कर. घरातले सगळे "मोठा श्वास घ्या" म्हणून ओरडतात ना, त्यांना गप्प कर. सीओपीडीत, म्हणजे त्यांच्या या फुप्फुसाच्या जुनाट आजारात, आधीची हवाच छातीत अडकून पडलेली असते, ती बाहेर पडल्याशिवाय नवी जायची कुठं? नाकानं थोडा श्वास आत, मग ओठांचा चंबू करून, गरम चहावर फुंकर घालावी तसा सावकाश बाहेर. तू शेजारी बसून स्वतःच तसा श्वास घे, त्या तुझ्याकडे बघून घेतील. काही विचारू नकोस, बोलायलाही श्वास लागतो.

आता ऑक्सिजनचं नीट ऐक. मी नवी असताना रात्रपाळीत एका आजींच्या बोटाच्या यंत्रावर ८९ दिसलं. कमी वाटलं, म्हणून मी ऑक्सिजन वाढवला. ९८ झालं आणि मी समाधानानं पुढच्या खाटेकडे गेले. पहाटे आजी हाकेला ओ देईनात. अशा फुप्फुसांना ऑक्सिजन जास्त झाला की अंगात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि गुंगी येते. थोरल्या सिस्टरांच्या लक्षात आलं म्हणून आजी वाचल्या. या आजारात बहुतेकांना ८८ ते ९२ पुरतं. डॉक्टरांनी जेवढे लिटर लिहून दिलेत तेवढेच ठेव, काटा स्वतः फिरवू नकोस. बोटं गार असली की आकडा चुकतो, आधी हात चोळून ऊब दे. डिंभ्याला धरणाच्या पायथ्याशी वीज तयार होते, पण पावसात तुमची लाईट जातेच, आणि लाईट गेली की ऑक्सिजनचं यंत्र बंद. जादा सिलिंडरचं डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेव.

औषधाचा पंप देताना त्याला स्पेसरची नळी लाव. आधी श्वास सोडायचा, मग पंप दाबून हळूहळू ओढायचा आणि जमेल तसा दहा सेकंद धरायचा. नंतर खळखळून चूळ, नाहीतर तोंड येतं.

आणि चूल. त्यांनी जन्मात विडी ओढली नाही, मग हा आजार कुठून, असं तू विचारलंस. पावसाळ्यात दार लावून, ओल्या लाकडाच्या धुरात किती भाकरी थापल्या असतील त्यांनी! पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासोबत २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये हेच मांडलं, की विडी-सिगारेट न ओढणाऱ्यांनाही सीओपीडी होतो आणि त्यात चुलीच्या धुराचा वाटा मोठा आहे. सासूबाईंचं अंथरूण चुलीच्या खोलीत नकोच. ऑक्सिजन चालू असताना तर जवळ उदबत्तीसुद्धा लावू नकोस, भडका उडतो. मिश्री भाजायची तर घरात नाही. मे महिन्यात राब भाजायला लागले की त्यांना आठवडाभर माझ्याकडे पाठव. दाजींना वाईट वाटलं तरी चालेल, मी बोलते त्यांच्याशी.

बेडका पिवळा-हिरवा झाला किंवा वाढला तर दवाखान्यात दाखव, वाट बघू नकोस. पण ओठ निळे पडले, एक वाक्य पुरं बोलता येईना, किंवा त्या झोपाळल्यासारख्या वागायला लागल्या, तर १०८ ला फोन कर आणि थेट घोडेगावचा दवाखाना गाठ. रात्र असो, धो धो पाऊस असो. कागद आणि पंप एका पिशवीत घालून ती दाराच्या खुंटीला अडकवून ठेव.

तू जेवतेस का वेळेवर? काल खोकल्याचा आवाज त्यांचाच होता ना, की तुझा? खरं सांग. शनिवारची रात्रपाळी संपली की मंचरहून मिळेल ती एसटी धरते. मी पोचले की तू आधी झोप. त्यांच्याजवळ मी बसते.