दिवसाची वीज, रात्रीची वीज



आपला वर्ग रात्री आठ वाजता भरतो. दिव्याखाली बसून आपण अक्षरे गिरवतो. मधेच वीज गेली की वर्ग थांबतो. कोणी कंदील लावतो आणि गप्पा सुरू होतात. अशाच एका रात्री विजेवरून वाद निघाला. तोच वाद आम्ही या धड्यात मांडत आहोत.

एक शेतकरी म्हणाले, "गुरुजी, सगळी वीज सूर्यावरच करावी. ऊन फुकट आहे. कोळसा जाळायचा, धूर करायचा, राख पसरायची, कशापायी?"

पिठाच्या गिरणीचे मालक म्हणाले, "ऊन फुकट, पण ते दिवसा. माझी गिऱ्हाइकं संध्याकाळी रानातनं आल्यावर येतात. तेव्हा सूर्य कुठनं आणू?"

दोघांचेही म्हणणे खरे आहे. ते कसे, ते पाहू.

वीज कणगीत भरता येत नाही

धान्य आपण कणगीत भरून ठेवतो. लागेल तसे काढतो. तारेतल्या विजेचे तसे नाही. ती ज्या क्षणी तयार होते, त्याच क्षणी वापरली जाते. ठेवायची झाली तर बॅटरीत किंवा दुसऱ्या रूपात साठवावी लागते, आणि त्याला खर्च येतो.

देशभरच्या तारा एकमेकींना जोडलेल्या आहेत. या सर्व जाळ्यात विजेचा ताल एकच असतो. तो म्हणजे सेकंदाला ५० आवर्तने. मागणी वाढली आणि वीज तेवढी तयार झाली नाही, की ताल मंदावतो. फारच मंदावला तर यंत्रे बिघडू नयेत म्हणून ती आपोआप बंद होतात.

तारांनाही भाराची मर्यादा असते. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तरेकडच्या तारांवर पेलवेना इतका भार आला. एक वाहिनी बंद पडली, तिचा भार दुसऱ्यांवर गेला, मग त्याही बंद पडल्या. दुसऱ्या दिवशी सुमारे ६० कोटी लोकांच्या भागात अंधार झाला. महाराष्ट्र त्यातून वाचला. त्या वेळी देशात सौर वीज फार थोडी होती. तेव्हा वीज जाते ती सूर्यामुळेच, असे म्हणणे बरोबर नव्हे.

प्रत्येकाचा गुण, प्रत्येकाची खोड

सूर्याची वीज भर दुपारी भरपूर मिळते. ढग आले की कमी होते. रात्री मुळीच नाही.

वाऱ्याची वीज आपल्याकडे पावसाळ्यात जास्त मिळते. सातारा जिल्ह्यात वनकुसवडेच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. आषाढात ढगांनी सूर्य झाकतो, तेव्हा तेथे वारा जोरात असतो. पण पावसाळा सरला की तोच वारा मंदावतो.

कोळशाची वीज रात्रंदिवस मिळते. चंद्रपूरला असे मोठे केंद्र आहे. पण भट्टी एकदा गार झाली की पुन्हा तापायला कित्येक तास लागतात. धूर आणि राख आहेच. शिवाय कोळसाही अडतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये देशातल्या अनेक केंद्रांत कोळशाचा साठा फार खाली गेला होता.

पाण्याची वीज झटपट मिळते. कोयनेची वीज १९६२ साली सुरू झाली. पाणी सोडले की काही मिनिटांत यंत्र फिरू लागते. म्हणून मागणी वाढली की कोयना उपयोगी पडते. पण पाणी मोजके आहे. कृष्णा पाणी लवादाने वीज करून पश्चिमेकडे सोडायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट.

पाण्याची कणगी

अकोले तालुक्यात घाटघर येथे एक युक्ती केली आहे. डोंगरावर एक तलाव, आणि खाली कोकणाच्या बाजूला दुसरा. वीज जास्त असते तेव्हा खालचे पाणी वर चढवतात. नड पडली की तेच पाणी खाली सोडून वीज करतात. हे केंद्र २००८ साली सुरू झाले. त्याची ताकद २५० मेगावॅट आहे. अशा केंद्रांत साधारणपणे १०० युनिट खर्चावे, तेव्हा सुमारे ७५ परत मिळतात. २५ गेले, पण वेळ साधली.

दुपारचे ऊन संध्याकाळी वापरण्याची ही एक वाट झाली. मोठ्या बॅटऱ्या ही दुसरी वाट. दोन्हींना पैसा लागतो. म्हणून "ऊन फुकट" हे अर्धेच खरे आहे. ऊन फुकट आहे, पण राखून ठेवलेले ऊन फुकट नाही.

तिसरी वाट

शेतीला पाळीपाळीने वीज देण्याची रीत आहे. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. आमच्या गावचा एक तरुण मध्यरात्री मोटर लावायला गेला. बांधावर पाय सापावर पडला. लगेच दवाखान्यात नेला म्हणून वाचला. त्याची आई आम्हांला म्हणाली, "गुरुजी, पिकाला पाणी हवं, ते खरं. पण पोर घरी येईपर्यंत माझा डोळा लागत नाही."

आता विचार करा. गव्हाला पाणी रात्रीच लागते काय? नाही. ते दुपारी दिले तरी चालते. पाच अश्वशक्तीचा पंप तासाला सुमारे चार युनिट वीज घेतो. असे लाखो पंप दुपारी चालले, तर उन्हाची वीज साठवावी न लागता थेट कामी येते. २०१७ साली महाराष्ट्र सरकारने आणलेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना याच विचाराची आहे. उपकेंद्राजवळ सौर पटले बसवायची आणि शेतीच्या वाहिनीला दिवसा वीज द्यायची.

याला दोन अटी आहेत. शेतीची वाहिनी आणि गावठाणाची वाहिनी वेगळी हवी. आणि जागा गायरानाची द्यायची असेल, तर गुरे कोठे चरणार हे ग्रामसभेत आधी ठरले पाहिजे.

तेव्हा सूर्य की कोळसा, एवढाच वाद घालून भागणार नाही. कोणते काम कोणत्या वेळी करायचे, हेही विचारावे. जे काम दिवसा होते ते दिवसाच्या विजेवर करावे. गिरणी, दवाखाना आणि आपला हा वर्ग यांना रात्री वीज हवीच. त्यांच्यासाठी पाणी, बॅटरी आणि आज तरी कोळसाही राखावा लागेल. साठवण वाढेल तसा कोळसा कमी करता येईल.

हे ऐकून गिरणीवाले हसले. म्हणाले, "म्हणजे मोटर दुपारी, गिरणी संध्याकाळी. भांडण कसलं मग?"

एवढ्यात वीज आली. आम्ही पुढचा धडा उघडला.

स्वाध्याय

१. धान्य आणि वीज यांत काय फरक आहे?

२. घाटघरला पाणी वर का चढवतात?

३. तुमच्या घरची कोणती कामे दुपारी करता येतील? त्यांची यादी लिहा.

४. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून ग्रामसभेला अर्ज लिहा. अंगठा नको, स्वतःच्या हाताने सही करा.