तापलेला फवाऱ्याचा डबा
(सामान्य विज्ञान : वरच्या इयत्तांसाठी पाठाची दिशा)

ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाला की सातारा व सांगली जिल्ह्यांच्या शिवारांत पाचट पेटते. तोडणी कामगारांच्या खोपींपुढे चुली व शेकोट्या होतात. पुढे फाल्गुनात होळी येते. या विस्तवांत कचराही पडतो आणि त्या कचऱ्यात हल्ली डासांच्या औषधाचे, रंगाचे, सुगंधी द्रव्याचे फवाऱ्याचे डबे असतात. म्हणून शिक्षकांनी हा पाठ हंगामापूर्वीच घ्यावा.

हेतू.— बंद भांड्यातील वायू तापला असता त्याचा दाब वाढतो, हे प्रयोगाने दाखविणे. आणि ‘रिकामा’ वाटणारा डबा रिकामा नसतो, ही जाणीव देणे.

प्रयोग.— रिकाम्या बाटलीच्या तोंडास फुगा बसवून ती ऊन पाण्याच्या पातेल्यात धरावी. फुगा उभा राहील. थंड पाण्यात ठेवताच तो लुळा पडेल. कारण वर्गाकडूनच काढून घ्यावे. मग विचारावे : फुग्याऐवजी घट्ट झाकण असते तर? पसरण्यास जागा न उरल्याने वायू भांड्याच्या भिंतींवर अधिक जोराने रेटू लागेल. प्रत्यक्ष फवाऱ्याचा डबा मात्र कोणीही, कधीही तापवून दाखवू नये.

विवेचन.— डब्यात औषधासोबत दाबाने द्रवरूप केलेला वायू असतो. पूर्वी त्यासाठी न जळणारे क्लोरोफ्लुरोकार्बन वायू वापरीत. ते ओझोनच्या थरास घातक ठरल्याने १९८७ च्या माँट्रियल करारानंतर क्रमाने बंद झाले. आता बहुधा प्रोपेन व ब्युटेन, म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसचेच घटक, वापरले जातात. ते ज्वालाग्राही आहेत. ब्युटेनच्या वाफेचा दाब २० अंश सेल्सिअसला वातावरणाच्या सुमारे दुप्पट, तर ५० अंशांस सुमारे पाचपट असतो. डब्यावर ५० अंशांची मर्यादा छापलेली असते, ती यासाठीच. विस्तवाची उष्णता तर शेकडो अंशांची. कुकरला वाफ सोडणारी शिट्टी असते. तशी वाट या डब्यास सहसा नसते. दाब वाढताच आत वळलेला तळ बाहेर उलटतो, मग सांधा फुटतो, पत्रा उडतो व सुटलेला वायू भडकतो. फवारा थांबला तरी तोटी तुंबून आत द्रव उरलेला असू शकतो. वायू तर उरतोच.

आचरण.— डबा विस्तवात टाकू नये, फोडू नये, उन्हात ठेवू नये. शाळेच्या सफाईत असे डबे वेगळे काढून, इतर कचऱ्यात न मिसळता ग्रामपंचायतीकडे वेगळेच द्यावेत. डबा विस्तवात पडलाच, तर काठीने काढावयास जाऊ नये. सर्वांनी दूर, भिंतीच्या आडोशास जावे व मोठ्या माणसांस हाक मारावी. शेवटचा हा नियम मुलांकडून तोंडी म्हणवून घ्यावा, कारण डबा बाहेर ओढण्याची बुद्धी प्रथम धीट मुलासच होते.

प्रश्न.— (१) रिकामा डबा होळीत का टाकू नये? (२) कुकर व फवाऱ्याचा डबा यांत फरक कोणता? (३) घरातील डब्यावरील सूचना वहीत उतरवून आणा व घरी सर्वांस वाचून दाखवा.

ज्या घरी छापील सूचना वाचणारे कोणी नाही, त्या घरात शाळेत जाणारे मूलच वाचक असते. तिसरा प्रश्न म्हणूनच गाळू नये.