जुना ट्रक घेताना काय विचारावं?

प्रश्न : कांदा वाहायला जुना सहाचाकी ट्रक घ्यायचा आहे. मालकाला काय काय विचारू? – एक शेतकरी, निफाड

उत्तर : इंजिनाच्या आधी कर्जाचं विचारा. आरसीवर बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा बोजा असेल, तर एनओसी आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ हातात पडेपर्यंत बयाण्यापलीकडे एक रुपया देऊ नका. फिटनेस, टॅक्स, परमिट, विमा कधीपर्यंत आहेत आणि ई-चलान किती थकलंय, हे एमपरिवहन ॲपवर स्वतः पाहा. आठ वर्षांवरच्या ट्रकला फिटनेस दरवर्षी लागतं. तो खर्च भावात धरा.

गाडी पाहायला सकाळी जा, आणि इंजिन आधी तापवून ठेवू नका, असं मालकाला बजावा. थंड इंजिन कसं सुरू होतं, यावरून बरंच कळतं. मग गाडीखाली शिरा. चेसिसला वेल्डिंग दिसलं तर कुठला माल, किती टन वाहिला, हे खोदून विचारा. ओव्हरलोडच्या खुणा तिथेच सापडतात. चेसिसवर ताजा रंग असेल तर माझा सल्ला स्पष्ट आहे : आपल्या मेकॅनिकला दाखवल्याशिवाय सौदा करू नका.

चेसिस नंबर आरसीशी ताडून पाहा. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्यावरच उरलेली रक्कम द्या, आणि विमा १४ दिवसांत नावावर करून घ्या.